घराचं जेवण मुख्यतः वनस्पतींवर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्या माणसाने मांस कमी करणं तसं सोपं असतं, कारण त्याला फक्त स्वतःच्या ताटाकडे बघायचं असतं. घराचं तसं नसतं. घरात वाढत्या वयाची मुलं असतात, औषधं चालू असलेले आजी-आजोबा असतात, एखाद्याला हा बदल मुळीच नको असतो आणि रोजचा स्वयंपाक बहुतेक वेळा एकाच माणसावर असतो. आमचं घर याच वाटेने गेलं आणि आता तेच आमचं रोजचं जेवण आहे. त्या दिवसांत आम्हाला पडलेले आणि आता इतर घरांतून आमच्याकडे येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

मुख्यतः वनस्पतिजन्य म्हणजे नेमकं किती? मांस, अंडी, दूध सगळं बंद करायचं का?

नाही. ताटातला मोठा वाटा धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं आणि तेलबियांचा असला आणि प्राणिजन्य पदार्थ थोडे किंवा अधूनमधून असले तरी पुरे.

आकडा हवा असेल तर २०१९ साली ईट-लॅन्सेट आयोगाने (माणसाचं आरोग्य आणि पृथ्वी दोन्हींना झेपेल असा आहार ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने) मांडलेला आहार बघा. १६ देशांतल्या ३७ तज्ज्ञांनी तो तयार केला. प्रौढ माणसासाठी दिवसाला सरासरी १४ ग्रॅम लाल मांस, सुमारे २९ ग्रॅम कोंबडी, २८ ग्रॅम मासे, २५० ग्रॅम दूध किंवा दुधाचे पदार्थ आणि आठवड्याला साधारण दीड अंडं, असं त्यात सुचवलं आहे. याउलट कोरडी कडधान्यं आणि सोयाबीन मिळून दिवसाला ७५ ग्रॅम, सुकामेवा आणि शेंगदाणे ५० ग्रॅम. हे आकडे वजनकाट्यावर रोज पाळायचे नसतात. कल कुठे असावा, एवढं त्यांतून कळतं. लाल मांस आठवड्याला जेमतेम १०० ग्रॅम आणि कडधान्यं रोज, हे प्रमाण लक्षात राहिलं तरी खूप झालं.

आणखी एक. मांस नाही म्हणून जेवण आपोआप चांगलं होत नाही. मैदा, साखर आणि तळण यांवर चालणारं घरही पूर्ण शाकाहारी असू शकतं.

मांस काढलं की त्याच्या जागी काय ठेवायचं?

माझ्या मते सगळा बदल या एका प्रश्नावर उभा राहतो किंवा कोसळतो. बहुतेक घरांत होतं असं की मांसाचा पदार्थ कमी होतो आणि उरलेलं ताट तसंच राहतं: धान्य, थोडी भाजी, कोशिंबीर. जेवणानंतर दोन तासांत सगळ्यांना भूक लागते, मुलं बिस्किटांच्या डब्याकडे वळतात, आणि महिन्याभरात घर म्हणतं, "हे आपल्याला झेपत नाही." न झेपणारी गोष्ट असते ती रिकामी राहिलेली जागा.

ती जागा कडधान्यांची आहे. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात किंवा हरभऱ्यात साधारण ९ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच भातात तीनपेक्षाही कमी. बटाट्यात दोनच्या आसपास. म्हणजे भाजी वाढवली तर जीवनसत्त्वं आणि तंतू वाढतात, पण मांसाने जे काम केलं ते भाजी करत नाही. म्हणून एकच नियम ठेवा: दोन्ही मुख्य जेवणांत डाळ, उसळ, राजमा, वाटाणा, सोयाबीन किंवा टोफू (सोया दुधाचं पनीर) यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे, आणि ते चमचाभर न वाढता चांगलं वाटीभर वाढलेलं.

दुसरी रिकामी जागा चवीची. मांसाहारी स्वयंपाकातली जी चव लोकांना आठवते तिचा मोठा भाग भाजण्यातून, परतण्यातून, कांदा-लसणातून आणि मसाल्यांतून आलेला असतो. तेच सगळं कडधान्यांना द्या. मशरूम, सुकवलेले टोमॅटो, आंबवलेलं सोयाबीन यांत ग्लुटामेट भरपूर असतं आणि त्याने रस्श्याला तो भरीव, खमंग स्वाद येतो. टोफू आधी दाबून पाणी काढून मग कडक भाजला तर ज्यांना तो आवडत नाही असं वाटतं तेही खातात.

प्रथिनं पुरतील का?

पोट भरेल इतकं खाल्लं आणि रोज कडधान्यं असली तर पुरतात. निरोगी प्रौढाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. दोन वाट्या शिजलेली कडधान्यं, मूठभर दाणे, दिवसभराचं धान्य आणि थोडं दही किंवा सोया दूध यांतून हा आकडा गाठता येतो.

प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसीन धान्यांत कमी असतं आणि मेथिओनिन कडधान्यांत, त्यामुळे दोन्ही लागतात. पण ती एकाच घासात किंवा एकाच जेवणात एकत्र यायलाच हवीत, ही १९७०च्या दशकात पसरलेली समजूत आहे. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की शरीर आपलं आपण जुळवून घेतं.

साठी-पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी मात्र मी जास्त काटेकोर असते. त्यांची भूक कमी होते आणि स्नायू झिजतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. आजींच्या ताटात दोन चमचे डाळ वाढून भागत नाही. त्यांना टोफू, अंडं, दही, घट्ट डाळ असं कमी आकारमानात जास्त प्रथिनं देणारं काहीतरी हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बी१२ची गोळी खरंच लागते का? पूर्वीचे लोक तर घेत नव्हते.

प्राणिजन्य पदार्थ अगदी कमी झाले असतील तर लागते. या पानावरची दुसरी कुठलीही गोष्ट विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

बी१२ ना वनस्पती बनवतात, ना प्राणी. ते फक्त जिवाणू बनवतात आणि प्राण्यांच्या शरीरातून ते आपल्यापर्यंत येतं. कोणत्याही भाजीत, धान्यात, मोड आलेल्या कडधान्यात त्याचा भरवशाचा साठा नसतो. स्पिरुलिनात आणि बऱ्याच समुद्री शेवाळांत जे सापडतं ते बहुतांशी बी१२सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला निरुपयोगी असलेलं द्रव्य असतं.

फसवं आहे ते हे की यकृतात बी१२चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून पहिल्या वर्षी सगळं छान वाटतं. मग हळूहळू थकवा, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा, चिडचिड. हे वयामुळे किंवा कामाच्या ताणामुळे होतंय असं समजून घरं महिनोन्‌महिने घालवतात, आणि मज्जातंतूंची हानी खूप काळ चालली तर ती पूर्ण भरून येतेच असं नाही. त्यातून वनस्पतिजन्य आहारात फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) भरपूर असतं. त्यामुळे रक्ताल्पता झाकली जाते आणि आतली मज्जातंतूंची इजा चालू राहते.

प्रौढाची गरज दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्रॅमच आहे, पण गोळीतलं सगळं शोषलं जात नाही. एका वेळी नेहमीच्या मार्गाने दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं, त्यापुढच्या मात्रेतलं जेमतेम एक टक्का. म्हणून ज्यांच्या आहारात प्राणिजन्य काहीच नाही त्यांना रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम अशी मात्रा सुचवली जाते. रोज दूध-दही आणि अधूनमधून अंडी चालू असतील तर कदाचित गोळी लागणार नाही, पण रक्त तपासून ठरवा, अंदाजाने नको. मुलांची मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून घ्या.

घरात कुणी गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल तर इथे अजिबात ढिलाई नको. आईला कमतरता असेल तर फक्त तिच्या दुधावर असलेल्या बाळाच्या मेंदूवर काही महिन्यांतच परिणाम दिसू शकतो.

लोह कमी पडणार नाही ना?

पडू शकतं, विशेषतः मासिक पाळी चालू असलेल्या मुली आणि स्त्रियांना. वनस्पतींतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं. पण ते किती शोषलं जाईल यावर स्वयंपाकघराचा बराच ताबा असतो. त्याच जेवणात लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची किंवा संत्रं असलं तर शोषण चांगलंच वाढतं. चहा-कॉफीने ते घटतं, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. कडधान्यं भिजवणं, मोड आणणं, पीठ आंबवणं यांनी शोषण अडवणारं फायटेट कमी होतं आणि लोहाबरोबर जस्तही जास्त मिळतं.

तपासणी न करता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, जास्त झालेलं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. आणि त्या गोळ्या घरात असतील तर लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात ठेवा. मुलांनी नकळत त्या गिळल्या तर विषबाधा जिवावर बेतू शकते.

दूधही कमी केलं तर कॅल्शियमचं काय?

दूध कमी करायची घाई करू नका, विशेषतः मुलांचं. करायचंच असेल तर त्याच्या जागी कॅल्शियम घातलेलं सोया दूध आणा. प्रथिनांत तेच गाईच्या दुधाच्या जवळपास जातं. बदामाच्या दुधात प्रथिनं नावापुरती असतात. खोक्यावर कॅल्शियमचा आकडा वाचा (१०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास असावा) आणि ओतण्याआधी खोकं चांगलं हलवा, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं.

कॅल्शियमच्या क्षाराने जमवलेला टोफू, तीळ आणि कोबीच्या कुळातल्या हिरव्या भाज्या याही चांगल्या आहेत. पालक इथे मोजू नका. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं सुमारे ५ टक्केच शोषलं जातं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास.

आणखी कशाकडे लक्ष द्यायचं?

आयोडीन: मीठ आयोडीनयुक्त आहे ना, बघा. केल्प या समुद्री शेवाळाच्या गोळ्या टाळा, त्यांत आयोडीन बेसुमार असू शकतं. ओमेगा-३: चमचाभर दळलेलं जवस किंवा थोडे अक्रोड रोज. जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. मासे अजिबात नसतील तर शैवालाच्या तेलाचा विचार करता येतो, कारण जवसातल्या ओमेगा-३चं डीएचएमध्ये (माशांत मिळणाऱ्या ओमेगा-३मध्ये) रूपांतर फार थोडं होतं. ड जीवनसत्त्व: हे मांस खाणाऱ्यांतही कमी आढळतं, तेव्हा सगळ्यांचंच तपासा.

लहान मुलांना असा आहार चालतो का?

पूर्ण वनस्पतिजन्य आहाराबद्दल तज्ज्ञ संस्थांत एकमत नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये तो नीट आखला तर सर्व वयांत चालतो असं म्हटलं होतं. २०२५च्या त्यांच्या निवेदनाने मात्र फक्त प्रौढांपुरतं मत दिलं. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ मध्ये मुलांसाठी त्याची शिफारस केली नव्हती. हा वाद प्राणिजन्य सगळंच सोडण्याविषयी आहे. दूध, अंडी, थोडे मासे ठेवणाऱ्या घराला तो फारसा लागू होत नाही, आणि मुलं असलेल्या घरांनी "मुख्यतः" या शब्दाचा पूर्ण फायदा घ्यावा असंच मी सांगेन.

बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दूध म्हणजे आईचं किंवा बाळांसाठीचं तयार दूध. कोणतंही वनस्पतिजन्य दूध त्याची जागा घेऊ शकत नाही.

त्यापुढे अडचण येते ती पोटाच्या आकाराची. मुलांचं पोट लहान, आणि तंतू जास्त असले की ते ऊर्जा मिळण्याआधीच भरतं. म्हणून मुलांच्या डाळीत तेल घाला, दाण्याचं बारीक लोणी द्या, सगळंच कोंड्यासकट असावं हा आग्रह धरू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा सुकामेवा देऊ नका, घशात अडकतात. उंची आणि वजनाचा आलेख नियमित भरत राहा, तो तुमच्यापेक्षा आणि शेजाऱ्यांपेक्षा खरं बोलतो.

मूल उसळीला हातच लावत नाही. काय करावं?

एखादी नवी चव स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळी हार मानतात. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली वाटणी मला फार पटते: काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. ताटात ओळखीचं एक काहीतरी असू द्या, शेजारी नवा पदार्थ थोडासा ठेवा आणि त्याबद्दल बोलू नका. "एक घास खा, मग गोड देते" म्हटलं की मुलाला कळतं, उसळ म्हणजे शिक्षा आणि गोड म्हणजे बक्षीस.

किशोरवयीन मुलांचं वेगळं. कधी घरात तीच पहिल्यांदा मांस सोडतात. त्यांच्या कारणांचा आदर करा आणि त्यांना स्वयंपाक शिकवा. पण खाण्याच्या प्रकारांची यादी रोज आखडत चालली असेल, वजन उतरत असेल, मूल सगळ्यांबरोबर जेवायचं टाळत असेल, तर तिथे आहाराचं तत्त्व पुढे करून दुसरंच काही चालू असू शकतं. डॉक्टरांकडे लवकर जा.

घरातल्या एकाला मांस हवंच आहे. दोन स्वयंपाक करायचे का?

दोन स्वयंपाक करू नका. तो भार शेवटी एकाच माणसावर पडतो आणि ते माणूस थकलं की बदलही थांबतो. पाया सगळ्यांसाठी एकच ठेवा: कडधान्याचा रस्सा, धान्य, भाजी. ज्याला हवं त्याने अंडं, मासा किंवा मांस वेगळं शिजवून आपल्या ताटात वर घ्यावं, आणि शक्य असेल तर ते शिजवायची जबाबदारीही त्यानेच घ्यावी.

आणि त्याच्या ताटाकडे बघून कुणी काही बोलू नये. मी हे कळकळीने सांगते, कारण घरातल्या माणसांना जेवणाच्या वेळी अपराधी वाटायला लागलं तर मिळवलेल्या आरोग्यापेक्षा गमावलेलं जास्त असतं. ज्याला बदल नको आहे त्याचंही मांस बहुधा आपोआप कमी होतं, कारण पाया बदललेला असतो.

सगळ्यांना गॅसेसचा त्रास होतोय.

कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओजसारख्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात मऊ शिजवा, सुरुवातीला साल काढलेल्या डाळी घ्या आणि प्रमाण काही आठवड्यांत वाढवत न्या. बहुतेकांचं पोट तेवढ्यात सरावतं. पाणी पुरेसं प्या, नाहीतर वाढलेले तंतूच बद्धकोष्ठ करतात.

राजम्याबद्दल एक सुरक्षेची गोष्ट. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं आणि चार-पाच अर्धकच्चे दाणेही उलट्या-जुलाब घडवू शकतात. किमान पाच तास भिजवा, पाणी फेका आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच पुढे शिजवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकू नका. तिथलं तापमान त्या विषाचा नाश करण्याइतकं चढत नाही. बाजारात मिळणारा डबाबंद राजमा शिजवलेलाच असतो.

बाजारातलं नकली मांस चांगलं का?

सवय मोडताना मदतीला ठीक आहे, रोजचं अन्न म्हणून नाही. मीठ बरंच असतं आणि खोबरेल तेलामुळे संपृक्त चरबीही.

सोयाबीनने मुलग्यांच्या हार्मोनवर परिणाम होतो का?

नेहमीच्या प्रमाणात नाही. पुरुषांवरच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसलेला नाही.

आजोबांना औषधं चालू आहेत. काही धोका?

डॉक्टरांना आधी सांगा आणि मग बदल करा, हा क्रम उलटा नको. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत, त्यांतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. प्रमाण रोज साधारण सारखं हवं. थायरॉईडची गोळी सोयाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर नव्या आहारात साखर फार खाली जाऊ शकते, मात्रा बदलावी लागते. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमचा प्रश्न येतो. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर बी१२चं शोषण घटतं, म्हणजे आजोबांची तपासणी सगळ्यांच्या आधी.

याने आजार खरंच कमी होतात का?

काही कमी होतात, काहींबाबत जपावं लागतं. प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. दिवसाला ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. घरात पहिली गोष्ट कुठली कमी करायची, याचं उत्तर मला इथे मिळतं.

एपिक-ऑक्सफर्ड या ब्रिटिश अभ्यासात शाकाहारी लोकांत हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी आढळला, पण पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. त्याच अभ्यासाच्या २०२० मधल्या निष्कर्षांत दूध-अंडीही न खाणाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. हे आकडे लपवण्यात काही हित नाही. मी वर कॅल्शियम, प्रथिनं आणि बी१२वर इतकं लिहिलं, त्याचं एक कारण हेच. चालणं, वजन उचलणं अशा व्यायामांनी हाडांना आणखी मदत होते.

पृथ्वीला खरंच काही फरक पडतो?

पडतो. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून दाखवलं की प्राणिजन्य अन्न जगातली ८३ टक्के शेतजमीन वापरतं आणि त्यातून १८ टक्के उष्मांक मिळतात. अन्न किती दुरून येतं यापेक्षा आपण काय खातो याचा वाटा बहुधा मोठा असतो. त्यातही गोमांस आणि मेंढीचं मांस कमी करण्याचा परिणाम सर्वांत जास्त.

सुरुवात कशी करावी? तपासण्या कधी?

आधीच घरात आवडणारे, योगायोगाने मांस नसलेले पदार्थ लिहून काढा. प्रत्येक घरात ते निघतातच. तेच आठवड्यात जास्त वेळा करा आणि हळूहळू एकेक नवा पदार्थ जोडा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व सुरुवातीलाच तपासून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आकड्यांची तुलना कशाशी तरी करता येईल. एखाद्याचे आकडे घसरले तर त्याच्या ताटात अंडं किंवा मासा परत येऊ द्या.

मांजरालाही हेच द्यायचं का?

नाही. मांजर पक्का मांसाहारी प्राणी आहे. तिला लागणारं टॉरिन आणि तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं, आणि टॉरिनच्या अभावी तिची दृष्टी जाऊ शकते, हृदय निकामी होऊ शकतं. तिचं अन्न होतं तसंच चालू ठेवा.